सौर पंपावर रब्बी: पाण्याच्या पाळ्या उन्हाप्रमाणे बसवा

सौर पंपाचा मोठा फायदा म्हणजे रात्री-अपरात्री दारे धरायला जावे लागत नाही आणि वीजबिल येत नाही. तोटाही त्यातच आहे: ऊन नाही तर पाणी नाही. डिसेंबर-जानेवारीत पंप पूर्ण जोमाने चालतो तो साधारण 10 ते 3 या वेळेत. त्याआधी-नंतर पाणी येते, पण दाब नसतो. विजेच्या मोटारीवरचे वेळापत्रक तसेच ठेवल्याने पहिल्याच हंगामात तक्रारी सुरू होतात.

ठिबकवर हे लगेच दिसते. सकाळी आठला दोन एकरांचा व्हॉल्व्ह उघडला, तर लॅटरलच्या (ठिबकच्या ओळीतल्या नळीच्या) शेवटच्या झाडांना थेंबही पोचत नाही. शेताचे छोटे भाग पाडा. सकाळी एकच व्हॉल्व्ह उघडा, दुपारी दोन व्हॉल्व्ह. खत 11 ते 2 दरम्यानच सोडा. व्हेंच्युरी (ठिबकच्या पाण्यात खत ओढणारे साधन) दाबाच्या फरकावर ओढते. ढग आला की ओढणे थांबते आणि एका भागाचे खत दुसऱ्या भागात जाते. सँड फिल्टरचे बॅकवॉशही (उलटे पाणी सोडून वाळूची गाळणी धुणे) भर दुपारीच घ्या. गहू-हरभऱ्याला तुषार संच असेल तर एका वेळी कमी नोझल चालवा.

द्राक्ष, केळीच्या बागायतदारांची अडचण वेगळी. थंडीच्या कडाक्यात पहाटे पाणी द्यायचे असते आणि तेव्हा सौर पंप बंदच असतो. आदल्या दुपारी उंचावरची टाकी किंवा शेततळे भरून ठेवा, पहाटे उताराने सोडा. ही सोय होत नसेल तर डिझेल इंजिन विकू नका.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून असावेत. सांगाड्याला कल बदलायची छिद्रे असतील तर हिवाळ्यात 30 ते 35 अंश ठेवा, एप्रिल-मेमध्ये 5 ते 10. बांधावरच्या बाभळीची सावली हिवाळ्यात लांबते. पॅनल एकामागे एक जोडलेले असल्याने एकावर सावली पडली तरी सगळ्या ओळीचा जोर उतरतो. फांदी आत्ताच छाटा.

धूळ सकाळी लवकर, काच थंड असताना मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारल्यास तडा जाऊ शकतो, आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी वाळले की पांढरा थर बसतो. उन्हात पॅनलच्या वायरी उघडू नका. स्विच बंद केला तरी पॅनलकडच्या वायरीत विजेचा दाब राहतो आणि तो जीवघेणा असतो. उंदरांनी कुरतडलेली वायर हे बंद पंपाचे नेहमीचे कारण. वायर पाइपातूनच न्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घाला.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्तीचा पंप मिळतो. किमतीत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा 5 टक्के. अश्वशक्ती एकरांवर ठरते, पण पाणी किती येईल हे खोलीवर. बोअरची पातळी मे महिन्यात किती खाली जाते ते मोजून पुरवठादाराला सांगा, पंपाचा हेड (पाणी किती उंच चढवता येते ते) त्यावरूनच निवडायला लावा.