कराटे क्लासमधल्या या चुका टाळा

जूनमध्ये नवी बॅच सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतं, "सर, डोक्यापर्यंतची किक कधी शिकवणार?" मी म्हणतो, आधी एका पायावर उभं राहायला शीक. पोराला वाटतं, सर चेष्टा करतायत.

मावाशी गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची किक, बिघडते ती टेकलेल्या पायामुळे. वरच्या पायाकडे सगळे बघतात. कंबर फिरते, वरचा पाय फिरतो, खालचा मात्र बोटं समोर करून ढिम्म. मग सगळा पीळ बसतो गुडघ्यावर. गुडघा असतो दाराच्या बिजागरीसारखा, पिळायला केलेलाच नाही.

हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. पावसाळा, शाळेचा हॉल, खाली शहाबादी फरशी. हवा दमट असली की त्या फरशीला तळवा चिकटतो. ब्राऊन बेल्ट मिळून आठ दिवस झाले होते आणि समोर बसलेल्या लहान मुलांना उंच किक दाखवायची हौस होती. पाय गेला वर, टाच राहिली जागेवर आणि आतून 'कट्' झालं. पहिल्या रांगेतल्या पोरांनीसुद्धा तो आवाज ऐकला. गुडघ्यातली कूर्चेची गादी फाटली होती. सात महिने क्लास बंद. अजूनही जिना उतरताना मी कठडा धरतो.

म्हणून माझ्याकडे पहिले तीन महिने कमरेच्या वर किक नाही. भिंतीला हात टेकायचा, चवड्यावर फिरायचं, टाच समोरच्याकडे वळवायची. फरशीवर मी खडूने बाण काढतो आणि शेवटी टाच त्या बाणावर आली पाहिजे. शंभर वेळा, तेही किक न मारता. कंटाळून दोन-तीन जण दरवर्षी सोडून जातात. जाऊ देत.

पंच मारताना श्वास रोखू नका. काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, करताना जमिनीकडे बघू नका. दुसरा हात कमरेशी ओढायला विसरू नका.

मुठीबद्दल मात्र जरा बोलायला हवं. पंच लागतो तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी, मनगट सरळ ठेवून. आमच्याकडच्या एका मुलाने मोबाईलवर पंचाच्या सरावाचा माकिवारा बघितला आणि घरामागच्या आंब्याला वाळूने गच्च भरलेलं पोतं टांगलं. तिसऱ्या दिवशी हात सुजवून आला. करंगळीच्या गाठीमागचं हाड मोडलेलं, महिनाभर प्लास्टर. कराटे जिथे जन्मलं त्या जपानमधल्या ओकिनावातला माकिवारा म्हणजे जमिनीत पुरलेली, वर पेंढ्याची दोरी गुंडाळलेली फळी. मारलं की ती मागे लवते. वाळूचं पोतं कुठे लवतंय? माझं ऐकाल तर वर्षभर हवेतच पंच मारा, नंतर जोडीदाराने धरलेल्या पॅडवर. आणि अंगठा मुठीच्या आत कधीच नको.

आता पालक. "वर्षात ब्लॅक बेल्ट होईल ना?" असं विचारतात, ट्यूशनचा सिलॅबस संपवायचा असल्यासारखं. ओकिनावात पूर्वी बेल्ट नव्हतेच. जूडोची पद्धत उचलून तिथले कराटेगुरू फुनाकोशी गिचिन यांनी कराटेत पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते १९२४ साली. त्याच फुनाकोशींनी तरुणपणी नाईहांचीचे तीन काता गिरवण्यात दहा वर्षं घालवली होती. आणि इथे हेआनचे, म्हणजे नवशिक्यांचे, पाचही काता सहा महिन्यांत 'झाले' म्हणून सांगतात! झाले म्हणजे क्रम पाठ झाला. त्यातल्या पहिल्याच, हेआन शोदानमध्ये वळताना मागचा पाय कुठे टेकतो ते विचारा, गप्प बसतात.

ग्रेडिंगच्या, म्हणजे बेल्टच्या परीक्षेच्या, आदल्या रात्री दोन तास सराव करू नका, झोपा. क्लासच्या आधी वडापाव खाऊ नका. नखं कापून या, पायाचीसुद्धा. गेली अठ्ठावीस वर्षं दर सोमवारी हे सांगतो आणि दर मंगळवारी माझ्या बॅगेतल्या बँडेडच्या पट्ट्या संपलेल्या असतात.