मेल परत येताहेत? आधी ब्लॅकलिस्ट तपासा

अंबिया बहाराची संत्री उतरू लागली, की नागपूरच्या कळमना बाजारातला एखादा अडत्या रोजचे भाव दीडशे व्यापाऱ्यांना मेलवर धाडतो. समजा, एका सकाळी त्यातले निम्मे मेल परत आले. तुमचा मेल पाठवणारा सर्व्हर ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत, गेलेला असू शकतो. पुन्हा पुन्हा पाठवत बसू नका. त्याने तुमच्या सर्व्हरची पत आणखी घसरते.

१. परत आलेला मेल उघडा. बहुतेक जण तो न वाचताच डिलीट करतात, आणि नेमकं उत्तर त्यातच असतं. ‘४२१’सारखा ४ ने सुरू होणारा आकडा असेल तर अडचण तात्पुरती, सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. ‘५५०’ म्हणजे साफ नकार. ब्लॅकलिस्टमुळे अडलं असेल तर बहुधा तिथेच यादीचं नाव आणि आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमचा क्रमांक) सापडतो. दोन्ही टिपून घ्या.

२. त्या यादीच्या साइटवर आयपी टाकून बघा. स्पॅमहॉस ही अशा याद्या ठेवणारी संस्था. तिच्या ‘पीबीएल’मध्ये, म्हणजे थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या यादीत, निघाला तर घाबरू नका, तो आरोप नव्हे. घरगुती ब्रॉडबँडचे आयपी तिथे असतातच. मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करून पोर्ट ५८७ वरून (मेल प्रोग्रॅमच्या सेटिंगमधला आकडा) पाठवा, काम झालं. ‘एक्सबीएल’मध्ये, म्हणजे व्हायरस लागलेल्या मशीनच्या यादीत, असाल तर मात्र बहुधा दुकानातला एखादा कॉम्प्युटर व्हायरसने धरलाय, मुनीमजींचा जुना पीसी आधी तपासा. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकच सर्व्हर अनेक ग्राहक वापरतात तिथे, शेजाऱ्याचं पापही तुमच्या माथी येतं, तिथे होस्टिंगवाल्यालाच गाठावं लागतं.

३. कारण मिटवा. विकत आणलेले पत्ते आणि बंद पडलेले पत्ते काढून टाका. डोमेनला (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी, लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत कडक आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतं. दीडशेत एकाने जरी ‘स्पॅम’ दाबलं तरी ०.६७ टक्के होतात! म्हणून नको असलेल्याला बाहेर पडायची लिंक ठळक द्या.

४. मगच नाव काढायचा अर्ज करा. कारण तसंच ठेवून अर्ज केला, तर नाव पुन्हा चढतं. स्पॅमहॉस यासाठी पैसे घेत नाही. ‘यूसीईप्रोटेक्ट’ ही दुसरी यादी लवकर सुटकेचे पैसे मागते. माझं मत विचाराल तर देऊ नका, तिच्या पहिल्या स्तरावरची (एकट्या आयपीची) नोंद सात दिवस स्पॅम गेला नाही तर आपोआप उतरते.

नाव निघालं तरी काही सर्व्हरना ते कळायला वेळ लागतो. सुरुवात नेहमी उत्तर देणाऱ्या व्यापाऱ्यांपासून करा, बाकीचे हळूहळू जोडा.