दाराच्या गाळ्यात स्टेन्ड ग्लास बसवताना

शिशाच्या पट्ट्यांत जोडलेलं स्टेन्ड ग्लास पॅनल म्हणजे साध्या, बिनटफन्ड (तापवून मजबूत न केलेल्या) काचेचे तुकडे. खोलीच्या दारात ते उघडं ठेवू नये. दोन्ही बाजूंना 5 मिमी टफन्ड काच हवीच. 3 मिमी काचेचं पॅनल शिशासकट साधारण 6 मिमी भरतं. दोन टफन्ड काचा आणि मधल्या 3-3 मिमी फटी धरून जाडी 22 मिमी होते. त्यात खाचेची 10 मिमी लाकडी कड आणि 12 मिमी बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) मिळवा, म्हणजे 35 मिमीचं नेहमीचं दार का पुरत नाही ते कळेल. 45 मिमीचं करून घ्या.

उंच पॅनल एकसलग करायचा मोह टाळा. शिसं मऊ असतं, स्वतःच्याच वजनाने पोट काढतं. 450 × 1200 मिमीच्या एका गाळ्याऐवजी मध्ये आडवी लाकडी पट्टी देऊन 450 × 600 चे दोन गाळे करावेत. अशा दोन गाळ्यांतल्या टफन्ड काचांचंच वजन साडेतेरा किलो होतं, पॅनल वेगळं. म्हणून तीनऐवजी चार बिजागऱ्या लावा.

माप पॉलिश झाल्यावरच घ्या. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजा. सर्वांत लहान माप धरून त्यातून 6 मिमी वजा करा, म्हणजे चारही बाजूंना 3 मिमी मोकळीक राहते. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा तीच कामी येते. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, घासूनही बसवता येत नाही. पॅनलची कडेची शिशाची पट्टी मात्र 12 मिमी रुंद मागवावी. थोडं अडलं तर ती रंध्याने उतरवता येते.

पॅनल प्लायवर टेकवून उभंच न्यावं. आडवं धरलं की मधोमध वाकतं आणि जोड सुटतात.

खाचेच्या तळाशी 3 मिमी जाड, 22 मिमी रुंद रबरी गुटके ठेवा. दोन्ही टोकांपासून पाव रुंदीवर, म्हणजे सुमारे 110 मिमीवर, एकेक. तीनही काचांचा भार त्यांवरच यायला हवा, लाकडावर नाही. काचांमध्ये कडेने 3 मिमी फोम टेप लावा. आतल्या बाजू आधीच लख्ख पुसा, कारण बोटांचे ठसे पुढे कायमचे. पॅनलच्या शिशात भरलेली जवसाच्या तेलाची पुटी ओलसर असताना बंद केलंत तर आतल्या काचेवर धुकट थर चढतो.

कडेच्या फटी भरायला सिलिकॉन न्यूट्रल क्युअरच, म्हणजे वाळताना आंबट वास न येणारं, वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन शिसं खातं.

बीडिंगला खिळे ठोकू नका. हादऱ्याने काच तडकते. आधी भोक पाडून पितळी स्क्रू लावा. पुढे एखादा तुकडा फुटला तर सिलिकॉन कापून बीडिंग सोडवता येतं, दार मोडावं लागत नाही.