घरच्या लाकडाचा लहान गोठा बांधताना: या चुका टाळा

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण भागात बागायतीतला पडलेला फणस किंवा वाळलेले सागवान स्वतः कापून गोठा उभारायचा विचार अनेकजण करतात. लाकूड हाताशी असते, सुतारही गावात मिळतो. तरीही दोन पावसाळ्यांत सांधे उघडतात, खांबाची बुडे मऊ पडतात, कौले सरकतात. वजनाने मोडलेला गोठा क्वचितच दिसतो, बहुतेकांचा घात पाणी करते. म्हणून सगळ्या कामाचे वेळापत्रक पावसावरून ठरवावे: झाड नोव्हेंबर ते जानेवारीत पाडणे, लगेच चिरणे, एप्रिलपर्यंत सांगाडा, मेच्या मध्यापर्यंत कौले. मिरगाच्या तोंडावर उघडा सांगाडा उभा असेल तर त्याचे नुकसान भरून निघत नाही.

झाड स्वतःच्या जमिनीतले असले तरी गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार ते पाडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सुटी बँड सॉ (पट्टा करवत) आणून बसवायची असेल तर वन विभागाला आधी विचारावे. बांधकामासाठी पंचायतीत जावे. हे तिन्ही अर्ज पावसाळ्यातच दिले, तर नोव्हेंबर हातचा जात नाही.

चूक: हिशेब न करता ओंडके चिरणे

४ बाय ६ मीटरचा, सहा खांबांचा, ३० अंश उताराचा कौलारू गोठा घेऊ. १५० बाय १५० मिमीचे खांब, ४ मीटरच्या तीन तुळया, दोन्ही बाजूंच्या पाट्या (खांबांच्या माथ्यावरून जाणारी, वासे टेकायची आडवी लाकडे), आढे, ६० सेंमी अंतराने वासे आणि रिपा धरून साधारण २ घनमीटर चिरलेले लाकूड लागते. ओंडक्यातून निम्मेच हाती येते, म्हणजे ४ घनमीटर ओंडके हवेत. वळचण धरून छप्पर ४६ चौरस मीटरच्या आसपास होते. दर चौरस मीटरला १५ मंगळुरी कौले धरली तरी सुमारे ७०० कौले आणि दोन टनांच्या जवळपास वजन. पावसात भिजलेले कौल त्याहून जड. यावरून वासे ठरवा, हाताला मिळाले त्या मापाचे नव्हेत.

चेनसॉने चिरताना प्रत्येक कापात ८ ते १० मिमी लाकूड भुश्यात जाते, बँड सॉने २ ते ३ मिमी. दहा रिपा काढताना हा फरक एका फळीइतका होतो. म्हणून चेनसॉ जाड खांबांना आणि तुळयांना वापरा, रिपा बँड सॉकडून काढून घ्या. फणस, आंब्याच्या बुंध्यात कुंपणाची तार आणि खिळे हमखास असतात. मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय पाते लावू नका.

चूक: कोणतेही लाकूड कुठेही

खांब आणि तुळया सागवान, फणस, माट्टी (ऐन) किंवा किंदळ (किंजळ) यांच्या गाभ्याच्या असाव्यात. सालीलगतचे पांढरे लाकूड कोणत्याही जातीचे असो, त्यात पूड किडा लागू शकतो. सागवानाचेही. आंबा आणि सावर आतल्या फळकुटांपुरतेच.

माडाबद्दल थोडे अधिक. माडाचे लाकूड सालीजवळ घट्ट आणि मध्ये भुसभुशीत असते. जुन्या माडाचा खालचा अर्धा भाग वाशांना चांगला चालतो, पण मधला भाग काढून बाहेरचाच पट्टा घ्यायचा. चौकोनी दिसावा म्हणून मधला मऊ भाग ठेवला तर त्या वाशाची ताकद फसवी असते. शिवाय माड पात्याची धार लवकर मारतो. कार्बाइडच्या टोकांचे पाते वापरा.

आंब्याच्या फळ्या आणि पांढरा भाग राहिलेल्या रिपांना बोरॅक्स-बोरिक लावा: १० लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड. ओल्या लाकडाला दोनदा भरपूर लावून दोन आठवडे झाकून ठेवायचे, म्हणजे ते आत उतरते. नंतर उघडून वाळवायचे. हे पावसाच्या पाण्याने धुऊन जाते, म्हणून छपराखालच्या भागांनाच उपयोगी.

चूक: ताडपत्रीखाली वाळवणे

चिरल्याच्या दिवशीच टोकांना रंग किंवा मेण लावा. टोकातून पाणी झपाट्याने निघते आणि तिथेच भेगा पडतात. रास जमिनीपासून ४० सेंमी वर, थरांमध्ये २५ मिमीच्या कोरड्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत ५० सेंमी अंतर. सर्व थरांतल्या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत हव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीने चारी बाजू गुंडाळली की आत बुरशी येते.

१ इंच फळी डिसेंबर ते मे पर्यंत चांगली वाळते. १५० मिमीचा खांब मात्र आतून ओलाच राहील, त्याची वाट पाहू नका. ओल्या खांबावर सांधे करायचे तर आकुंचन गृहीत धरावे लागते: लाकूड लांबीला जवळपास आटत नाही, पण रुंदीला १५० मिमीत ५ ते १० मिमीही आटू शकते. खांबात झाडाचा मध्य असेल तर भेग पडणारच. भिंतीकडच्या न दिसणाऱ्या बाजूला मध्यापर्यंत करवतीचा एक सरळ काप दिला, तर भेग तिथेच उघडते.

चूक: सांध्यात खिळा आणि बोल्ट

हीच सर्वांत महाग पडणारी चूक. बोल्ट आज घट्ट असतो. लाकूड आटले की तो सैल होतो आणि सांगाडा डुलायला लागतो. माट्टीतल्या टॅनिनने (तुरट द्रव्याने) साधा लोखंडी खिळा काळा पडून गंजतो. गोठ्यात त्यावर गोमूत्राची भर पडते. लोखंड लागेलच तिथे गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस वापरा.

सांधा खाच आणि कुसूचाच करा: कुसू म्हणजे एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, ती दुसऱ्याच्या खाचेत बसते, आणि कुसूच्या मुळाशी उरलेली सपाट कड म्हणजे खांदा. १५० मिमीच्या खांबाला ४० ते ५० मिमी जाड कुसू, खाचेच्या तळाशी १० मिमी मोकळी जागा, नाहीतर कुसू तळाला टेकतो आणि खांदा बसत नाही. दोन्हींतून आरपार ठोकायची खुंटी २० ते २२ मिमी, वाळलेल्या कठीण लाकडाची, करवतीने कापलेली नव्हे तर रेषांबरोबर फोडलेली. खुंटीचे भोक खाचेत आधी पाडा, मग कुसूवर खूण करून ती २ मिमी खांद्याकडे सरकवा आणि तिथे भोक घ्या. खुंटी ठोकताना कुसू आत ओढला जातो आणि पुढे लाकूड आटले तरी खांदा मिटलेला राहतो. खूण उलट्या बाजूला सरकली तर खुंटी सांधा उघडते. सुताराची सर्वांत मोठी गफलत इथेच होते, म्हणून पहिला सांधा खाली ठेवूनच ठोकून पाहा.

प्रत्येक खांब आणि तुळईच्या कोनात ४५ अंशाची तिरपी (तिरका टेकू) हवी, निदान ७५ सेंमी अंतरावरून. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने गोव्याच्या किनारपट्टीवर छपरे उडवली. गोठा तीन बाजूंनी उघडा असेल तर वारा आत शिरून छप्पर वर ढकलतो. कडेची आणि आढ्याची कौले तारेने बांधा, वासे पाटीला पट्टीने जखडा.

चूक: खांब चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) थेट ठेवणे

चिरा पाणी शोषतो आणि खांबाच्या बुडाला देतो. जोते ४५ सेंमी, त्यावर घडीव दगडाचा किंवा काँक्रीटचा उंच ठोकळा, मध्ये १६ मिमीची सळई, आणि खांबाखाली जस्ताचा किंवा प्लास्टिकचा जाड तुकडा. ठोकळ्याचा माथा खांबापेक्षा रुंद ठेवलात तर त्यावर पाणी साचते, म्हणून तो खांबाइतकाच किंवा उतरता. वळचण किमान ७५ सेंमी ठेवा, पागोळ्यांचे शिंतोडे जोत्यावर येऊ नयेत.

झालेच असेल तर

सांध्याचा खांदा उघडला असेल तर जुनी खुंटी काढून एक माप जाड, तशीच फोडलेली खुंटी घाला. खांब पिळला असेल आणि तिरप्या घट्ट असतील तर त्याला हात लावू नका. पिठासारखी पांढरी पूड पडत असेल तर तो पूड किडा, दाणेदार गोळ्या पडत असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी, आणि खांबावर मातीची नळी चढत असेल तर जमिनीतली वाळवी. पहिल्या दोन्हींत लाकडाला औषध लावायचे, तिसरीत जमिनीत बंदोबस्त करावा लागतो. खांबाचे बूड मऊ झाले असेल तर तुळईला जॅक लावून खांब उचला, कुजलेला भाग अर्ध्या-अर्ध्या कापाने काढून नवीन लाकूड जोडा, आणि ठोकळा उंच केल्याशिवाय तो परत टेकवू नका.