मातीचे हिमकण आणि हिममानव: हिवाळी सिरॅमिक्स करताना या चुका टाळा

नाताळाच्या सजावटीसाठी केलेली वस्तू भट्टीतून वाकडी किंवा तडकलेली निघाली की दोष भट्टीवर जातो. पण बहुतेक वेळा बिघाड आधीच, माती लाटताना किंवा वाळवताना झालेला असतो. भट्टी तो फक्त उघड करते. म्हणून आधी दिवस मोजा. वाळायला 7 ते 10 दिवस, बिस्क भाजणी (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) आणि भट्टी थंड व्हायला 2, ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत थर लावायला 1-2, ग्लेझ भाजणीला पुन्हा 2, शिवाय एखादी फेरभाजणी. 25 डिसेंबरला वस्तू हातात हवी असेल, तर ओल्या मातीचं काम नोव्हेंबरअखेर संपलेलंच बरं.

हिमकणांची टोकं वर का वळतात?

टोकं अरुंद असल्यामुळे मधल्या भागाच्या आधी वाळतात, आणि वरची बाजू खालच्या बाजूआधी आकसते. दुसरं कारण लाटण्यात आहे. माती ताण लक्षात ठेवते. स्लॅब, म्हणजे लाटलेली मातीची पोळी, एका टोकाला धरून उचलला की तो वाकतो. हाताने सपाट केला तरी भट्टीत तो वाक परत येतो. त्यामुळे 5 ते 6 मिमी जाडीचा स्लॅब लाटताना तो दर तीन-चार लाटण्यांनंतर कापडासकट उलटा, दोन्ही बाजूंनी रबरी रिब (माती सपाट करायची लवचिक पट्टी) दाबून फिरवा आणि हाताला चिकटेनासा झाला की मगच कापा. ओल्या मातीत कटर मारला तर कडा ओढल्या जातात.

फांदीची रुंदी 6 मिमीपेक्षा कमी ठेवू नका. दोन फांद्या मिळतात तो आतला कोपरा टोकदार राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो, म्हणून तो ओल्या ब्रशने गोलसर करा. वाळवताना वर-खाली वर्तमानपत्र आणि दोन फळ्या, वरच्या फळीवर हलकं वजन, आणि कागद रोज बदला. पंख्याखाली किंवा हीटरजवळ ठेवून वेळ वाचत नाही, हिमकण जातो.

दोरीचं भोक ओल्या मातीत किमान 5 मिमी हवं. साधारण 12 टक्के आकसणारी माती असेल, तर ते सुमारे 4.4 मिमी राहतं, आणि ग्लेझ ते आणखी बुजवतं. तिथे ग्लेझ चिकटू नये म्हणून भोकाभोवती वॅक्स (मेण) लावा. मागची बाजू बिनग्लेझची ठेवली की हिमकण थेट भट्टीतल्या शेल्फवर ठेवता येतो.

हिममानव भट्टीत का फुटतो?

आत अडकलेल्या हवेने फुटतो असा समज आहे. खरं कारण मातीतला ओलावा. त्याची वाफ बाहेर पडण्याआधी दाब वाढतो आणि भिंत उडते. पोकळ गोळ्याच्या तळाला 2-3 मिमीचं भोक ठेवाच. त्याने आतली बाजू वाळायला मदत होते आणि वाफेला वाट मिळते. भिंत 10 मिमीपेक्षा जाड नको. वस्तू गालाला लावून पाहा. थंड लागली तर ती अजून ओली आहे. शंका असेल तर भट्टी 85-90 अंशांवर चार ते सहा तास धरा, मगच पुढे चढवा.

डोकं किंवा मफलर निखळण्याचं कारण बहुधा ओलाव्यातला फरक असतो. दोन्ही भाग लेदर-हार्ड (अर्धवट वाळलेले, चामड्यासारखे घट्ट) असताना ओरखडे पाडा, त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावा आणि जोडल्यावर एक दिवस प्लास्टिकखाली ठेवा. पांढऱ्या स्लिपचा बर्फही याच अवस्थेत चढवा. पूर्ण वाळलेल्या मातीवर लावली तर खालची वस्तू आकसून झालेली असते, स्लिप मात्र अजून आकसत असते, आणि तिचे पोपडे सुटतात.

पांढरा बर्फ गुलाबी झाला तर

हा दोष पहिल्यांदा पाहणारा गोंधळूनच जातो. हिरव्या झाडांच्या ग्लेझमध्ये बहुधा क्रोम ऑक्साइड असतं. तापलेल्या भट्टीत त्याचा अगदी थोडा अंश वाफ होऊन उडतो. शेजारच्या पांढऱ्या ग्लेझमध्ये टिन ऑक्साइड असेल, तर तिथे गुलाबी झाक येते. एकाच वस्तूवर हिरवं-पांढरं असायलाच हवं असं नाही. एकाच शेल्फवर शेजारी ठेवलं तरी पुरतं. तयार हिरव्या स्टेनमध्येही (विकत मिळणाऱ्या रंगाच्या पुडीतही) बऱ्याचदा क्रोमच असतं. उपाय असा: बर्फासाठी टिनऐवजी झिरकॉनने अपारदर्शक केलेलं पांढरं वापरा (साधारण 10 ते 12 टक्के झिर्कोनियम सिलिकेट), नाहीतर दोन रंगांची भाजणी वेगळी करा. हिरव्या ग्लेझमध्ये क्रोमसोबत झिंक असेल, तर झाड तपकिरी निघतं. तेव्हा झिंक नसलेलं मूळ ग्लेझ निवडा.

थरांच्या झाडावर ग्लेझ ओघळून तळाशी साठतं. खालचा 1 सेंमी पुसून घ्या आणि पहिल्या वेळी खाली भाजलेल्या मातीचा चुरा किंवा जुनी टाइल ठेवा. मॅग्नेशियम कार्बोनेट घातलेलं, मुद्दाम गोळे होणारं ग्लेझ बर्फासारखं सुंदर दिसतं, पण ते मगच्या आत आणि ओठ टेकतात त्या कडेवर लावू नका. ते धुता येत नाही.

दिव्याची घरं

या घरांत ठेवायचा टीलाइट (लहान चपटी मेणबत्ती) साधारण 38 ते 40 मिमी व्यासाचा असतो. भाजल्यावर तळाची आतली रुंदी 42 मिमी हवी, तर 12 टक्के आकसण्याच्या हिशोबाने ओल्या मातीत ती 48 मिमी ठेवा. छताला 12-15 मिमीचं धुराडं नसेल तर ज्योत विझते आणि छत एकाच जागी तापून तडकतं. दारं-खिडक्या लेदर-हार्ड असतानाच कापा.

भट्टी 100 अंशांखाली येईपर्यंत झाकण उघडू नका. घाईने आलेला थंड झोत धारदार तडा पाडतो, आणि तो दुरुस्त होत नाही. ग्लेझ मात्र कुठे सरकून माती उघडी पडली असेल, तर वस्तू वाचवता येते. ती कोमट करा, त्या जागी ग्लेझ नेहमीपेक्षा दाट लावा, पूर्ण वाळू द्या आणि आधीच्याच तापमानाला पुन्हा भाजा.