व्हायोलिन बिघडलेलं नसतं हो! शाळेच्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्राचं सामान घेताना या चुका टाळा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की आठवड्याभरात सामानाचा कागद घरी येतो. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. व्हायोलिन, बो (गज), रोझिन (राळ), शोल्डर रेस्ट (खांद्यावरचा आधार), ट्यूनर, म्युझिक बुक. घरी सगळे मिळून त्याचा मराठीत अर्थ लावतात, आणि शनिवारी दुपारी बेळगावची गणपत गल्ली, खडेबाजार पालथा घालायला निघतात. यादीत चुकीचं काही नसतं. पण कुणाच्या मापाचं, कुठल्या सुरात लावायचं, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं आणि पैसे नेमके तिथंच वाया जातात. गेली काही वर्षं मी शाळेत मुलांना व्हायोलिन शिकवते. सोमवारी सकाळी वर्गाच्या दारात पालक उभे असतात, "मॅडम, नवीनच घेतलंय, पण बिघडलंय की हे!" दहातली आठ व्हायोलिनं ठणठणीत असतात.

वाढत्या अंगाचं घेऊ नका

युनिफॉर्म आपण दोन बोटं मोठा घेतो, पायमोजेसुद्धा. त्याच हिशेबानं चौथीतल्या पोराला पूर्ण मापाचं व्हायोलिन घेतलं जातं, "दहावीपर्यंत बघायला नको." शर्टाची बाही दुमडता येते, व्हायोलिनची मान दुमडता येत नाही. वाद्य मोठं झालं की डावा हात ताणला जातो, करंगळी सुरावर पोचत नाही, खांदा वर चढतो आणि मूल महिन्याभरात "हात दुखतोय" म्हणून पेटी उघडायचं सोडतं.

माप घरीच घेता येतं. मुलाचा डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ पसरायचा, तळवा वर. मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत टेपनं मोजायचं. साधारण २३ इंच किंवा जास्त भरलं तर पूर्ण माप, २१-२२ ला पाऊण, १९-२० ला अर्धं, १७-१८ ला पाव. हा अंदाज झाला. खरी परीक्षा दुकानात: वाद्य हनुवटीखाली धरून हात पुढं नेला, तर बोटांनी व्हायोलिनच्या टोकाची गुंडाळी सहज कवेत घेता आली पाहिजे आणि कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. कोपर ताठ झालं तर एक माप खाली या. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या.

नावावर मात्र जाऊ नका. अर्धं व्हायोलिन लांबीनं निम्मं नसतं. पूर्ण वाद्याचं पोट सुमारे १४ इंच, अर्ध्याचं साडेबारा इंचांच्या आसपास. म्हणून नुसत्या नजरेनं फसगत होते. आणि एकदा माप ठरलं की गज, तारा, शोल्डर रेस्ट, पेटी सगळं त्याच मापाचं. पूर्ण मापाचा शोल्डर रेस्ट अर्ध्या व्हायोलिनला पकडतच नाही, प्रार्थनेच्या मध्यात खाली पडतो. तो मिळत नसेल तर घट्ट स्पंजचा तुकडा रबर बँडनं मागं बांधा. लहान मुलांना तो पुष्कळदा जास्तच सोसतो.

मुलं वाढतात, वर्ष-दोन वर्षांत माप बदलतं. त्यामुळे वरच्या वर्गातल्या मुलाचं लहान पडलेलं वाद्य मिळत असेल तर लाजू नका, घ्या. मात्र पोटाला तडा नाही ना, मान सरळ आहे ना, गज वाकडा झालेला नाही ना, एवढं बघून घ्या. नवं कोरं पण धड न जुळवलेलं वाद्य घेण्यापेक्षा, कुणीतरी वाजवून मुरवलेलं केव्हाही बरं.

आजोबांनी सूर लावला

आता आपल्या भागातली खास चूक. बेळगावच्या मराठी घरांत हार्मोनियम-तबला नवा नाही. कुमार गंधर्व जन्मले तेच मुळी इथल्या सुळेभावीत, १९२४ साली. त्यामुळे घरी व्हायोलिन आलं की आजोबा हार्मोनियम काढतात, "दे इकडे, मी सूर लावतो," आणि षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा जोड्यांत चारी तारा लावून देतात. कान त्यांचा पक्का असतो. पण आपल्या रागदारीला जसं लावतात तसं शाळेच्या ऑर्केस्ट्रात चालत नाही. तिथं वीस मुलं एकाच ठरलेल्या उंचीवर वाजवतात, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सूर हलवत नाहीत.

ती उंची अशी: जाडीकडून बारकीकडे जी, डी, ए, ई. आजोबांच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, भाषेत सांगायचं तर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. शेजारच्या दोन तारांत पंचमाचं अंतर असतं, म्हणून आजोबांना हे दोन मिनिटांत कळतं. ए म्हणजे ४४० हर्ट्झ. फक्त घरची जुनी हार्मोनियम ४४० वरच असेल असं धरू नका. ट्यूनर किंवा मोबाईलमधलं ॲप प्रमाण माना.

तारा घेतानाही हीच गोम असते. दक्षिणेकडच्या पद्धतीनं वाजवणारे सूर पुष्कळ खाली लावतात आणि त्यांच्या तारांचे संच वेगळे असतात. दुकानदारानं तसा संच दिला आणि आपण पहिली तार वर ई पर्यंत ताणली, की ती टचकन तुटते आणि गालाला फटका बसतो. म्हणून दुकानात सांगा: "वेस्टर्न ट्यूनिंगचा सेट हवा, अमुक मापाच्या व्हायोलिनचा." आणि व्हायोलाच्या तारा उचलू नका. नाव जवळचं आहे, पण त्याच्या तारा सी, जी, डी, ए. जास्तीची एक ई आणि एक ए पेटीत ठेवा, तुटतात त्याच.

दुसरी गोष्ट मिरजेची. इथून रेल्वेनं घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरज गाठता येतं आणि तिथले सतार-तंबोऱ्याचे कारागीर नावाजलेले. एका पालकांनी अशाच एका सतार दुरुस्त करणाऱ्याकडून व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, "छान सपाट" करून आणली होती. कारागिराचा हात वाईट नव्हता, पण सतारीची घोडी रुंद आणि तिची जवारी काढलेली, म्हणजे सूर गुंजावा म्हणून वरून घासलेली, व्हायोलिनची पातळ आणि वरून गोल. ती गोलाई असते म्हणून गज एकावेळी एकाच तारेवर चालतो. सपाट केल्यावर प्रत्येक वेळी दोन-दोन तारा बोलायला लागल्या. नवी घोडी बसवून घ्यावी लागली.

"आवाजच येत नाही की!"

नवा गज घेतला, तारेवर फिरवला, आणि चिडीचूप. सोमवारच्या तक्रारींत ही पहिली. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे. त्यांना राळ लावल्याशिवाय तार पकडली जात नाही. नवी राळही काचेसारखी गुळगुळीत असते, केसांवर घासली तरी काही उतरत नाही. तिच्या तोंडावर बारीक पॉलिश पेपर दोन-तीनदा फिरवा, पांढरी पूड दिसू लागली की गज सावकाश वर-खाली पुष्कळ वेळा घासा. पहिल्या वेळी हात दुखेपर्यंत, नंतर रोज चार-पाच फेऱ्या पुरेत.

जास्त झाली तरी कळतं: आवाज किरकिरतो, तारांखाली मैद्यासारखा थर साचतो. वाजवून झालं की मऊ सुती कापडानं पुसून टाका. राळ म्हणून पूजासाहित्याच्या दुकानातली धुपाची राळ आणू नका, हो, आणतात! आणि चेलोची राळ व्हायोलिनपेक्षा मऊ असते, तीही नको. केसांना बोट लावू नये. आपल्याकडे मुलांच्या डोक्याला सकाळी तेल चोपडलेलं असतं, तेच हात गजाला लागले की त्या जागी राळ धरत नाही.

जुलैतलं व्हायोलिन आणि एप्रिलमधलं

इथं जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, खानापूरकडे तर बोलायलाच नको. लाकूड फुगतं, तारा गुंडाळायच्या खुंट्या भोकात घट्ट बसतात, फिरत नाहीत. मग कुणीतरी पक्कड आणतं. पक्कड नको, खुंटी मोडते. आणि तेल? एकदा एका मुलानं खोबरेल घातलेलं व्हायोलिन वर्गात आणलं. त्या वर्षी ते सुरात राहिलंच नाही. घट्ट खुंटीसाठी खुंटीला लावायची खास पेस्ट मिळते, ती लावा.

उलट मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याच खुंट्या सैल पडतात, तार आपोआप उतरते. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवायची, नुसती फिरवून चालत नाही. लहान मुलांसाठी तारांच्या शेपटाशी चारी बारीक स्क्रू, म्हणजे फाइन ट्यूनर, असलेलं व्हायोलिन घ्या. रोजचा थोडा सूर त्यावर जुळतो, खुंटीला हात लावावा लागत नाही. तो स्क्रू पार खाली गेला की पुढं काही होत नाही, उलट खालच्या लाकडाला ओरखडा पडतो. तेव्हा स्क्रू सैल करून सूर खुंटीनं थोडा वर आणायचा.

गजाचं मात्र रोजचं काम. वाजवून झालं की त्याचा स्क्रू सैल करा. पावसात केस लांबतात, मुलं तो आणखी ताणतात, मग ऊन पडलं की केस आखडतात आणि काडी वाकते, कधी टोकाशी मोडते. माझा पहिला गज मी असाच घालवला, कपाटावर ताणलेला ठेवून. वाजवताना काडी आणि केसांत मध्यभागी पेन्सिल जाईल एवढी फट बास.

गोंद घरी ठेवा

ऑनलाइन मागवलेल्या व्हायोलिनची घोडी पुष्कळदा पाकिटात वेगळी येते. ती तुटलेला तुकडा नव्हे, आणि चिकटवायची तर अजिबात नाही. ती फक्त तारांच्या दाबानं उभी राहते. व्हायोलिनच्या पोटावर दोन्ही बाजूंना असलेल्या भोकांवर आतल्या बाजूला बारीक खाच असते, त्या खाचांच्या रेषेत पाय यावेत. घोडीची खुजी बाजू ई तारेकडे.

चारी तारा एकदम काढू नका. आत एक उभी काडी असते, साउंडपोस्ट, तीही दाबावरच टेकलेली. सगळ्या तारा काढल्या की पडू शकते. व्हायोलिन हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर तारा ताणू नका, जाणकाराकडे न्या. तारा बदलताना एक काढायची, ती लावायची, मग दुसरी.

जोड उघडला, कडेला फट दिसली, वाजवताना भुणभुण ऐकू आली तर फेविकॉलचा मोह आवरा. व्हायोलिन सरसानं जोडतात ते मुद्दामच, पुढं दुरुस्तीला उघडता यावं म्हणून. पक्क्या गोंदानं ते दार बंद होतं. हाच सरस उन्हात मऊ पडतो, तेव्हा दुपारी बंद गाडीत किंवा स्कूटरच्या पायाशी उन्हात पेटी ठेवू नका.

बाकी फुटकळ

संगीताची वही मागितली की दुकानदार चाररेघी इंग्रजीची वही देतो. पाच रेघांचे गट असलेली हवी. पेन नको, पेन्सिल आणि खोडरबर, कारण गज वर की खाली हे आम्ही शिक्षक दर आठवड्याला बदलतो. घडीचा स्टँड घरासाठी एक असू द्या. उशीवर वही ठेवून वाजवलं की मान खाली जाते.

पेटीला बाहेर नाव लावा. वर्गात वीस काळ्या पेट्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात, आणि शुक्रवारी पाऊस आला की जो तो हाताला लागेल ती उचलून बसकडे पळतो.