मटमधून सर्व्हरवरची मेल वाचायची तर

मी दिवसभर टर्मिनलमध्येच (कमांड टाइप करायच्या खिडकीत) असतो, त्यामुळे मेलही तिथेच वाचतो, मट वापरून. मायकेल एल्किन्स यांनी 1995 मध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम आजही माझ्या सगळ्यात भरवशाचा. नव्याने येणारे बहुतेक जण कुणाची तरी लांबलचक कॉन्फिग फाइल उचलून आणतात आणि पहिल्याच दिवशी वैतागतात. माझा आग्रह असा की मटआरसी ही मटच्या सेटिंग्जची फाइल रिकामी घ्या, एकेक सेटिंग घाला, मट उघडून बघा, चाललं की मगच पुढचं. काही बिघडलं तर नेमकं कशाने, हे तिथल्या तिथे कळतं.

खाली सेटिंग्जची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती लहान इंग्रजी अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची.

आधी तीनच ओळी. 'सेट फोल्डर'मध्ये सर्व्हरचा पत्ता, 'सेट स्पूलफाइल'मध्ये अधिकचं चिन्ह आणि त्याला लागून इनबॉक्स, 'सेट आयमॅप यूजर'मध्ये तुमचं खातं. आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत. पत्त्याची सुरुवात 'आयमॅप्स'ने करा. शेवटचा तो 'एस' महत्त्वाचा आहे. तो असला की मट 993 पोर्टवर जातं आणि पहिल्या अक्षरापासून सगळं टीएलएसमधून, म्हणजे कुलूपबंद होऊन जातं. नसला तर 143 वर उघडं जोडून मग कुलूप लावायची बोलणी होतात. टीएलएसची सक्ती करणारं 'एसएसएल फोर्स टीएलएस' चालू ठेवा, मट 2.0 पासून ते मुळातच चालू असतं.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट दाखवून 'नाकारू, एकदाच स्वीकारू की कायमचं' असं विचारलं, तर सर्व्हरचं नाव आणि मुदत वाचा. घाईत 'कायमचं' दाबू नका.

पासवर्ड फाइलमध्ये उघडा लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती. पासवर्डची ओळ घातलीच नाही तर मट दर वेळी विचारतं. सुरुवातीला तेच बरं. नंतर ती एक ओळ वेगळ्या फाइलमध्ये लिहून जीपीजी या प्रोग्रॅमने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करा आणि मटआरसीत 'सोर्स'पुढे ती उलगडणारी कमांड द्या, शेवटी पाइपचं चिन्ह, म्हणजे उभी रेघ. त्या पाइपमुळेच मट त्याला फाइलचं नाव न समजता कमांड म्हणून चालवतं. जीमेलसारख्या सेवांना नेहमीचा पासवर्ड चालत नाही. तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून 16 अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, नाहीतर ओऑथ, म्हणजे पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत.

आता कॅशे, म्हणजे एकदा आणलेलं आपल्याकडे साठवून ठेवणं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहते, मट फक्त ती दाखवतं. म्हणून 'हेडर कॅशे' नसेल तर फोल्डर उघडलं की प्रत्येक वेळी सगळी हेडर्स (पाठवणारा, विषय, तारीख) नव्याने ओढली जातात, आणि जुन्या भरलेल्या खात्यात बसून राहावं लागतं. दोन डिरेक्टऱ्या बनवा, एक 'हेडर कॅशे'ला, एक 'मेसेज कॅशडिर'ला द्या. फरक लगेच जाणवेल.

डिलीट करणं मात्र नीट समजून घ्या. 'डी' दाबलं की मेल जात नाही, तिच्यापुढे फक्त खूण येते. डॉलरचं चिन्ह दाबलं की बदल सर्व्हरवर जातात आणि मेल खरोखर पुसली जाते. फोनवरूनही ती नाहीशी होते. 'क्यू'ने बाहेर पडतानाही मट तेच विचारतं. मन बदललं तर 'एक्स' दाबून बाहेर या, खुणा टाकून दिल्या जातात. मी 'सेट ट्रॅश' आधीच घालायला सांगतो, म्हणजे पुसलेली मेल कचरापेटीत जाते. त्या फोल्डरचं नाव सर्व्हरगणिक वेगळं असतं. 'सी' दाबून प्रश्नचिन्ह दिलं की यादी दिसते, त्यातलं नाव जसंच्या तसं लिहा.

मराठी मेलमध्ये अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर मटला दोष देऊ नका. टर्मिनलचं लोकेल (भाषा आणि अक्षरांचं सेटिंग) यूटीएफ-8 आहे का ते आधी बघा, विशेषतः एसएसएचने दुसऱ्या मशीनवर गेला असाल तर. मात्रा-वेलांट्यांमुळे यादीतले रकाने थोडे सरकतात. तो टर्मिनलचा प्रश्न, वाचायला अडत नाही. एचटीएमएल मेलसाठी मेलकॅप फाइलमध्ये (कुठला मजकूर कशाने उघडायचा ते तिच्यात असतं) डब्ल्यूथ्रीएम किंवा लिंक्स या टर्मिनलमधल्या ब्राउझरची ओळ टाका आणि 'ऑटो व्ह्यू' द्या.

शोधायचं तर 'एल' दाबा. टिल्ड (~) आणि 'एफ' दिलं की पाठवणाऱ्यावरून, टिल्ड आणि 'एस' दिलं की विषयावरून यादी गाळली जाते. मजकुरात शोधताना मात्र टिल्डऐवजी बरोबरचं चिन्ह देऊन 'बी' लिहा. टिल्ड दिलं तर मट एकेक मेल उतरवून घेऊन शोधत बसतं. बरोबरच्या चिन्हाने ते काम सर्व्हर करतो आणि फक्त निकाल पाठवतो. मोठ्या फोल्डरमध्ये ही एक कळ माहीत असली की मट वापरावंसं वाटू लागतं.

वाचणं असं नीट बसलं की पाठवण्यासाठी 'एसएमटीपी यूआरएल' (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता) घाला, 'एसएमटीपीएस'ने सुरू होणारा, पोर्ट 465. सर्व्हर फक्त 587 देत असेल तर 'एस' काढून तो पोर्ट लिहा. टीएलएसची सक्ती आधीच चालू आहे.